लग्नाच्या एडिटिंगसाठी पीसी जोडताना आधी बोर्डातली लाईट आणि खोलीतला उकाडा बघा, प्रोसेसर नंतर

जिंतूरच्या एका भावाने विचारलंय, ते थोडक्यात असं. लग्नाचं शूटिंग आणि एडिटिंगचा धंदा आहे, दोन सोनीचे कॅमेरे आणि एक ड्रोन, एडिटिंग प्रीमियर या सॉफ्टवेअरवर, अधूनमधून ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये टायटल बनवतात. जुना पीसी ४के टाइमलाईनवर अडकतो. बजेट दीड लाखाच्या आसपास, मॉनिटर आहे. दुकानदाराने इंटेलचा कोर आय ९ १४९००के प्रोसेसर, ८ जीबीचं ग्राफिक्स कार्ड आणि ६०० वॉटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) असं कोटेशन दिलंय, मित्र म्हणतो डोळे झाकून एएमडीचा रायझन घे. कुणाचं ऐकायचं?

भाऊ, खरं सांगू का, तुमचा प्रश्न इंटेल की एएमडी हा नाहीच. तुम्ही स्वतःच पुढं लिहिलंय की एक्स्पोर्टला वेळ लागला तरी चालतो, रात्री लावून झोपतो, त्रास होतो तो कट मारताना, मल्टिकॅम, म्हणजे दोन-तीन कॅमेऱ्यांचं फुटेज एकत्र, लावला की प्रिव्ह्यू थांबत थांबत चालतो. म्हणजे अडचण डिकोडिंगची, दाबून साठवलेला व्हिडिओ उलगडण्याची आहे, आणि ती आय ९ घेतला म्हणून आपोआप जाईल असं नाही. दुसरं म्हणजे तुम्ही हे मशीन जिंतूरमध्ये वापरणार, वरच्या मजल्यावर, एसी नाही, आणि उन्हाळ्यात ऐन लग्नसराईत. यूट्यूबवर जे टेस्टिंग दाखवतात ते एसीच्या खोलीत, चांगल्या लाईटवर. मी नांदेडात मशीन जोडतो आणि दुरुस्तही करतो, इथं जी मशीनं माझ्या टेबलावर येतात त्यांच्यात प्रोसेसर कमजोर होता म्हणून आलेली फार थोडी असतात, एसएमपीएस गेला, मदरबोर्ड गेला, उन्हाळ्यात आपोआप बंद पडतंय, हार्ड डिस्क दिसत नाही, हेच जास्त. म्हणून मी भिंतीतल्या बोर्डापासून सुरू करतो आणि प्रोसेसरपर्यंत शेवटी येतो.

तर आधी लाईट. तुमच्याकडं संध्याकाळी किंवा शेतातल्या मोटारी चालू झाल्या की व्होल्टेज किती खाली येतं ते एकदा वायरमनला मीटर लावून बघायला सांगा, नुसतं ट्यूबलाईट मिचकावते का यावर जाऊ नका. त्याच वेळी अर्थिंग बघून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर समजायचं अर्थिंग नाही किंवा मेलेलं आहे, कारण एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून थोडा करंट बॉडीवर येतच असतो, तो जायला जमीन मिळाली नाही की तो तुमच्या हातातून जातो, आणि तोच एचडीएमआय, यूएसबी, मायक्रोफोनच्या वायरीतून फिरत राहतो. आपल्या काळ्या रानात तर उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, माती इलेक्ट्रोडपासून सुटते, पावसाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी होतं. खड्ड्यात पाणी घालत राहावं लागतं. हा खर्च पीसीच्या बजेटमध्ये कुणी धरत नाही, मी धरायला लावतो.

मग एसएमपीएस. इथं ६०० वॉट हा आकडा सोडा, खोक्यावर इनपुट काय लिहिलंय ते वाचा. स्वस्तातल्या बऱ्याच मॉडेलवर २००-२४० व्होल्ट लिहिलेलं असतं, चांगल्यावर १००-२४०. शहरात फरक कळत नाही, पण जिथं लाईट १७०-१८० पर्यंत उतरते तिथं फुल रेंजवालाच तग धरतो. तुमच्या दुकानदाराच्या कोटेशनमधला आय ९ एकटाच २५३ वॉटपर्यंत ओढू शकतो, त्याच्यावर ग्राफिक्स कार्ड, त्याचे क्षणभराचे झटके वेगळे, आणि कंपनीचं नाव कधी न ऐकलेला ६०० वॉटचा एसएमपीएस. बैल खिलारी आणि जू कच्च्या लाकडाचं, तसं झालं हे. मी तुम्हाला ७५० वॉटचा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवतो याचा दर्जा), फुल रेंज, पाच वर्षांच्या वर वॉरंटी असलेला घ्यायला सांगेन. गोल्डने वीजबिल फार वाचतं म्हणून नाही, तर कमी नासाडी म्हणजे आत कमी गरमी, आणि बहुतेक कंपन्या गोल्डच्या वर गेल्या की आतला माल बरा वापरतात. बहुतेक म्हणालो, सगळ्या नाही, म्हणून मॉडेलचं नाव टाकून रिव्ह्यू वाचायचाच.

यूपीएसबद्दल बराच गैरसमज आहे. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे ६०० वॉट नाही, साधारण ३६० वॉट असतो, १००० व्हीएचा साधारण ६०० वॉट. रेंडर चालू असताना लाईट गेली आणि मशीन त्या क्षणी ४५० वॉट ओढत असेल तर छोटा यूपीएस ओव्हरलोड होऊन बीप मारून तिथंच बंद, आणि मग लोक म्हणतात यूपीएस असूनही मशीन बंद पडलं. तुम्हाला किमान १००० व्हीए, मॉनिटर त्याच्यावरच असेल तर दीड केव्हीए, आणि प्युअर साइन वेव्हचा, म्हणजे घरच्या लाईटसारखा गुळगुळीत करंट देणारा, कारण आताच्या एसएमपीएसमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट असतं आणि काहींना चौकोनी वेव्ह मानवत नाही, बॅटरीवर गेलं की रिस्टार्ट मारतात. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर त्याच्या मागं यूपीएस मोडचं बटण आहे का बघा, नॉर्मल मोडमध्ये बदल व्हायला इतका वेळ जातो की फॅनला कळत नाही पण पीसी बंद पडतो. एसएमपीएसमध्ये साठलेली वीज फुल लोडवर जेमतेम १२ ते १७ मिलिसेकंद पुरते, त्याच्या आत बॅटरी आली पाहिजे. आणि वळवाच्या पावसात विजा कडाडायला लागल्या की पॉवरची पिन तर काढाच, राऊटरकडून येणारी लॅनची वायरपण काढा. मेन लाईनला सगळं संरक्षण लावलेलं आणि मदरबोर्ड लॅनच्या वाटेनं गेलेला, हे आमच्याकडं दरवर्षी होतं.

आता उकाडा. प्रोसेसरवरचा फॅन काही थंडी तयार करत नाही, तो खोलीतलीच हवा फिरवतो. त्यामुळं २५ डिग्रीच्या खोलीत जो प्रोसेसर ७५ ला चालतो तो ४० च्या खोलीत साधारण ९० ला जाणार, हिशोब सरळ आहे. परभणी-नांदेडकडं मे महिन्यात बाहेर ४२-४४ होतं आणि पत्र्याखालच्या किंवा गच्चीखालच्या खोलीत रात्री अकरालासुद्धा भिंती तापलेल्या असतात. २५३ वॉटचा प्रोसेसर अशा खोलीत १०० डिग्रीला भिडतो आणि मग स्वतःच स्पीड कमी करतो, म्हणजे तुम्ही पैसे आय ९ चे दिले आणि उन्हाळाभर वापरला आय ७.

यावर लोक वॉटर कूलिंग, म्हणजे पंपाने पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणं, सुचवतात. वाईट नाही, पण तुमच्याकडं पंप बंद पडला तर बदली मिळेपर्यंत मशीन बंद, आणि पंप बंद पडला म्हणजे कूलिंग पूर्णच गेलं. प्रोसेसरवर बसणाऱ्या मोठ्या दोन टॉवरच्या एअर कूलरमध्ये बिघडण्यासारखा फॅनच असतो, तो बाजारात कुठंही मिळतो. मी एसी नसलेल्या ठिकाणी एअर कूलरच लावतो आणि प्रोसेसरची पॉवर बायोसमधून, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगमधून, बांधून देतो. २५० वॉटचा प्रोसेसर १२५ वर बांधला तर काम अर्ध्यावर येत नाही, शेवटच्या थोड्याशा स्पीडसाठीच हे चिप बेसुमार वीज खातात. एडिटिंग करताना तर फरक जाणवतही नाही, एक्स्पोर्टला काही मिनिटं जास्त लागतील. त्या मोबदल्यात खोली कमी तापते, यूपीएसवर भार कमी येतो, फॅनचा आवाज कमी. मला हा व्यवहार कायम फायद्याचा वाटत आलाय.

कॅबिनेट पुढून जाळीचं घ्या, काचेचं नको, आणि धुळीची जाळी काढून धुता येईल असं. आणि हे नीट ऐका, खोलीचा पाण्याचा कूलर कॅबिनेटच्या समोर लावू नका. खोली थंड होते हे खरं, पण ओली हवा आणि धूळ मिळून हीटसिंकवर चिखलासारखा थर बसतो, तो ब्लोअरने निघत नाही. कूलर खिडकीत, हवा माणसावर, पीसी बाजूला, आणि समोरची खिडकी उघडी.

इतकं झालं की मग तुमचं फुटेज. इथं मला तुमच्याकडून एक गोष्ट माहीत पाहिजे, कारण सगळं त्याच्यावर आहे. कॅमेऱ्यातली एक क्लिप मीडियाइन्फो नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा आणि क्रोमा सबसॅम्पलिंगच्या पुढं ४:२:० लिहिलंय की ४:२:२, आणि बिट डेप्थ ८ की १० ते बघा. पहिलं म्हणजे रंगाची माहिती किती ठेवलीय, ४:२:२ मध्ये ती जास्त, आणि दुसरं म्हणजे रंगाच्या छटा किती बारीक. ड्रोन, मोबाईल आणि जुन्या कॅमेऱ्यांचं बहुतेक ४:२:० असतं, ते कुठलंही बऱ्यापैकी ग्राफिक्स कार्ड आरामात उलगडतं. पण सोनीच्या ए७ फोरसारख्या कॅमेऱ्यात लोक ग्रेडिंग (नंतर रंग सुधारणं) चांगली होते म्हणून १० बिट ४:२:२ वर शूट करतात, आणि तिथं गोची आहे. एनव्हिडियाची आरटीएक्स ४० सीरिज आणि त्याच्या आधीची कार्डं ४:२:२ हार्डवेअरमध्ये डिकोड करतच नाहीत, सगळा भार प्रोसेसरवर. आरटीएक्स ५० सीरिजपासून एनव्हिडियाने ते दिलं, एच.२६४ आणि एच.२६५ या व्हिडिओ दाबायच्या दोन्ही पद्धतींना. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये, म्हणजे क्विक सिंकमध्ये, ११ व्या जनरेशनपासून एच.२६५ चं ४:२:२ होतं, पण एच.२६४ चं होत नाही, आणि सोनीच्या फाईल फॉरमॅटमध्ये एक्सएव्हीसी एस म्हणजे एच.२६४, एचएस म्हणजे एच.२६५. एएमडीच्या रायझनमधलं ग्राफिक्स ४:२:२ ला काही कामाचं नाही.

हे कळलं की कोटेशनकडं वेगळ्या नजरेनं बघता येतं. जुन्या पीसीवरच करून बघा, टाइमलाईन अडकत असताना टास्क मॅनेजर उघडा, जीपीयूमध्ये व्हिडिओ डिकोड नावाचा वेगळा आलेख असतो. तो शून्यावर आणि सीपीयू शंभरावर असेल तर रोग हाच. रॅम भरलेली दिसली तर रोग दुसरा. आणि नवीन मशीन यायच्या आधी प्रीमियरमध्ये प्रॉक्सी, म्हणजे फुटेजच्या हलक्या कॉपी, बनवून एक लग्न एडिट करून बघा, रात्री प्रॉक्सी लावायच्या, सकाळी कट मारायचा. कधीकधी त्याच्यावरच एक सीझन निघतो आणि घाईत महाग मशीन घ्यायची वेळ येत नाही.

माझी निवड सांगतो, तुमचं फुटेज ४:२:२ आहे असं धरून. ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय, १६ जीबीवालं. याच नावाचं ८ जीबीचंही येतं, बिलावर १६ लिहून घ्या. ४:२:२ डिकोड होतं, १८० वॉटमध्ये भागतं, आणि ब्लेंडरमध्ये सायकल्स या इंजिनवर रेंडर करताना सीन कार्डाच्या मेमरीत मावला तरच त्याचा वेग मिळतो, ८ जीबी थोडं टेक्स्चर वाढलं की भरते. ५०७० जोरदार आहे पण १२ जीबी आणि २५० वॉट, तुमच्या कामाला मी ते पैसे यूपीएस आणि डिस्ककडं वळवीन.

प्रोसेसर कोर अल्ट्रा ७ २६५के, वर म्हटलं तसा १२५ वॉटवर बांधून. केच्या पुढं एफ असलेला अजिबात नको, एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स काढून टाकलेलं, आणि क्विक सिंक त्याच्यातच असतं. दुकानदार हजार-दोन हजार कमी सांगून एफवालाच पुढं करतात. मी हा रायझनच्या आधी का घेतो तर त्याला आमच्याकडचं एक कारण आहे. सीझनमध्ये ग्राफिक्स कार्ड गेलं आणि वॉरंटीत पाठवलं तर ते परत यायला आठवडे जातात. तेवढ्या दिवसात आतल्या ग्राफिक्सवर एच.२६५ चं काम तरी चालू राहतं, ऑर्डर अडत नाही. तुमचं सगळं शूट ४:२:० असेल तर मात्र मित्राचं ऐका, रायझन ९ ९९००एक्स घ्या, १२ कोअर आहेत, वीज तुलनेने बेताची खातो, आणि एएम५ सॉकेटला २०२७ पर्यंत तरी नवीन प्रोसेसर देणार असं एएमडीने सांगितलंय, म्हणजे पुढं बोर्ड न बदलता अपग्रेड होईल. इंटेलकडं ही सोय कमीच. फक्त ९८००एक्स३डीच्या मागं लागू नका, तो गेमिंगला एक नंबर, त्याच्या मोठ्या कॅशचा एडिटिंगला तेवढा उपयोग नाही.

१४९००के वाईट चिप नाही, पण १३ व्या आणि १४ व्या जनरेशनच्या जास्त वॉटच्या डेस्कटॉप चिपमध्ये व्होल्टेजचा घोळ होता, काही चिप कालांतराने अस्थिर होत गेल्या. इंटेलने ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतला प्रोग्राम, सुधारून दिला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. जो कुणी आजही घेईल त्याने पहिल्यांदा बायोस अपडेट करायचा, विंडोज टाकायच्या आधी. तुमच्यासाठी तो नको म्हणतो ते दोन कारणांनी, एक गरमी, दुसरं त्या सॉकेटला पुढं काही येणार नाही.

रॅमचे भाव २०२५ च्या शेवटापासून फार चढलेत, एआयच्या डेटा सेंटरनी मेमरीचा माल ओढून घेतल्यामुळं, त्यामुळं इथं मन मारावं लागेल. ३२ जीबी, म्हणजे १६ च्या दोन स्टिक, हे कमीत कमी. आफ्टर इफेक्ट्स वापरत असाल तर ३२ च्या दोन. आत्ता दोन लावू आणि नंतर आणखी दोन टाकू असा विचार करू नका, डीडीआर५ मध्ये चार स्टिक लावल्या की स्पीड खाली येतो, रायझनवर तर अधिकृतपणे ३६०० पर्यंत. नंतर वाढवायची झाली तर जुन्या विकून मोठी जोडी घ्यायची. लावताना प्रोसेसरकडून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत, आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करायचं, नाहीतर महागाची रॅम साध्या स्पीडवर पडून राहते. कितीतरी मशीन मी अशी बघतो.

मदरबोर्डवर फार लिहित नाही. बी८६० चिपसेटचा घ्या, प्रोसेसरच्या बाजूच्या पॉवरच्या भागावर जाड हीटसिंक हवं, एम.२ च्या, म्हणजे एसएसडी बसवायच्या, किमान दोन जागा हव्यात. लाईटिंग, वायफायचे अँटेना, दिखाऊ कव्हर, याला पैसे नाहीत.

डिस्कमध्ये मात्र लोक उलटं करतात. जेन ५ ची, म्हणजे जेन ४ च्या पुढच्या वेगवान पिढीची, एनव्हीएमई एसएसडी घेतात, सेकंदाला १० हजार मेगाबाईटची. तुमचा कॅमेरा ४के ४:२:२ ला १४० ते २०० मेगाबिटच्या घरात लिहितो, म्हणजे सेकंदाला १७ ते २५ मेगाबाईट. तीन कॅमेऱ्यांचं मल्टिकॅम धरलं तरी ७५ च्या वर जात नाही. साधी जेन ४ त्याला खूप झाली, उलट जेन ५ तापते जास्त. घ्यायची ती टीएलसी प्रकारच्या मेमरीची, क्यूएलसी नको, क्यूएलसी मोठं फुटेज एका दमात कॉपी करताना कॅश भरली की एकदम मंदावते. विंडोज आणि सॉफ्टवेअरला एक, चालू प्रोजेक्टला दुसरी. वाचलेल्या पैशात दोन हार्ड डिस्क घ्या, सीएमआरवाल्या, म्हणजे ट्रॅक एकमेकांवर न चढवता लिहिणाऱ्या, आणि प्रत्येक लग्नाचं फुटेज दोन्हीवर ठेवा, त्यातली एक पीसीच्या बाहेर, शक्यतो दुसऱ्या घरात. पीसी जळाला तर दुसरा येतो. अक्षता पडताना आई रडलेली पुन्हा शूट करता येत नाही, आणि त्या घरच्या लोकांना तोंड तुम्हालाच दाखवायचंय. बजेट कमी पडलं तर रॅम ३२ वर थांबवा, प्रोसेसर एक पायरी खाली घ्या, पण ही दुसरी डिस्क आणि यूपीएस कापू नका.

खरेदी कुठून, हेही विचारलंय. आमच्या नांदेडचे बरेच जण सिकंदराबादच्या चिनॉय ट्रेड सेंटरला जातात, तुमच्याकडचे संभाजीनगर किंवा पुण्याला, ऑनलाईनही मिळतं. कुठूनही घ्या पण तीन गोष्टी बघा. जीएसटीचं पक्कं बिल आणि त्याच्यावर सिरियल नंबर, कारण वॉरंटी बिलावर चालते. त्या कंपनीचं सर्व्हिस सेंटर तुम्हाला जवळ कुठं आहे, की कुरिअरच करावं लागणार. आणि बाहेर देशातला स्वस्त माल तर नाही ना, त्याची वॉरंटी इथं बहुतेक मिळत नाही. एसएमपीएस आणि ग्राफिक्स कार्ड सेकंड हँड घेऊ नका, कॅबिनेट आणि प्रोसेसरचा एअर कूलर घेतला तरी चालेल. परभणीत ओळखीचा दुकानदार असेल आणि तो दोन-तीन हजार जास्त घेऊन बिघाडाला उभा राहणारा असेल तर त्याच्याकडूनच घ्या, पार्टची यादी मात्र तुमची.

मशीन जोडून आलं की पहिल्याच आठवड्यात, बदलून मिळण्याची मुदत असतानाच, त्याला दुपारी दोन वाजता तुमच्याच खोलीत, तुमच्याच बोर्डावर पिळून काढा. एक रात्र मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर), मग दुपारी एखादा तास सिनेबेंच (प्रोसेसर ताणणारं) आणि ब्लेंडरचं रेंडर एकत्र, बाजूला तापमान बघत, आणि ते चालू असतानाच मेनचं बटण बंद करून यूपीएस सांभाळतो का ते बघा, फक्त तेव्हा कुणाचं काम उघडं ठेवू नका. हे दुकानात एसीमध्ये करून दाखवलेलं धरू नका. ती मीडियाइन्फोची माहिती आणि संध्याकाळचं व्होल्टेज तेवढं कळवा, म्हणजे कार्ड आणि यूपीएसचं मॉडेल नक्की करून सांगतो.